तुझी भरमार, माझं प्लास्टिकचं पिस्तूल

माय, काल मी तुझी भरमार, नळीच्या तोंडातून दारू ठासायची ती जुनी बंदूक, सोडवायला गेलो होतो. सोडवायला हाच शब्द बरोबर आहे, कारण ती इतकी वर्षं ठाण्यात अडकून पडली होती आणि येत्या सोमवारी पोलीस ती कापणार आहेत. परवा आपल्या गावच्या पोलीस पाटलाचा फोन आला. म्हणाला, "भाऊ, मालखान्यातल्या साऱ्या जुन्या भरमारी गॅस कटरनं तोडून राह्यले. ज्याची ओळख पटंल त्याची बाजूले काढतो म्हंते साहेब. तुमच्या मायची होती ना एक?" होती ना एक! मी तेव्हा गिरणीच्या कॅबिनमध्ये बसलो होतो, समोर धानाचे व्यापारी चहा पीत होते, आणि मी फोनवर असा काही ओरडलो की बाहेर पोती उचलणारे हमालसुद्धा थांबून काचेतून बघायला लागले. नागभीडात मला सगळे हसतमुख शेठ म्हणून ओळखतात, माय. चिडलेल्या माणसाला कोणी चांगला भाव देत नाही हे मी फार लवकर शिकलो. पण परवा मला राग आवरला नाही. पोलिसांचा आला, सरकारचा आला, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त तुझा आला.

बाबा गेल्यावर बंदुकीचा परवाना तुझ्या नावावर झाला तेव्हा गावात किती हसले होते लोक. पीक संरक्षणाची बंदूक, आणि तीही बाईच्या नावावर! मुलचेऱ्याकडच्या आपल्या त्या पट्ट्यात, बंगाली वस्त्यांपासून जंगलापर्यंत, दुसरी अशी बाई नव्हती. धान लोंबीला आलं की तू मचाणावर जायचीस, खांद्यावर घोंगडं आणि त्यावर ती नळी, तुझ्याइतकीच उंच. मी घरात पडून ऐकत असायचो. आधी घोड्याखालची स्फोटक टोपी फुटल्याचा बारीक आवाज, मग एक श्वास जाईल एवढी उसंत, आणि मग धडाका. बाकीच्यांच्या बंदुकांना ती उसंत नव्हती, तुझ्याच बंदुकीला होती, तिच्यात कुठेतरी दारू अडत असणार. मला काय त्याचं! आवाज ऐकला की मला कळायचं, डुकरं पळाली आणि माय धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, धड उभी आहे, आणि मी झोपून जायचो. दारूचा डबा तू स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या फळीवर ठेवायचीस, पावसात ओल लागू नये म्हणून. आज कोणी ऐकलं तर अंगावर काटा येईल. खाली जाळ, वर बंदुकीची दारू, आणि मध्ये तू लाखोळीची डाळ ढवळते आहेस. तेव्हा तेच घर होतं आणि मला ते सगळ्यात सुरक्षित वाटायचं.

एकदा मी ती रिकामी बंदूक उचलून शेजारच्या शेळीवर धरली. तू पीठ मळत होतीस. पिठाच्या हातानंच माझ्या कानाखाली अशी वाजवलीस की गालावर बोटं पांढरी उमटली. "रिकामी होती वो माय," मी रडत म्हणालो. "रिकामी हाय हे तुले मालूम, शेळीले मालूम हाय का?" तू म्हणालीस, आणि मग हसू आलं म्हणून तोंड फिरवलंस. आता मी नागपूरला रेंजवर नेमबाजीच्या सरावाला जातो तेव्हा तिथला प्रशिक्षक पहिला नियम हाच सांगतो, फक्त इंग्रजीत सांगतो, आणि थोबाडीत मारत नाही.

मग ती निवडणूक आली. भाग नाजूक आहे, जंगलातले लोक गावातल्या बंदुका पळवतात, म्हणून सगळ्यांनी आपापली हत्यारं ठाण्यात जमा करा, निकाल लागला की परत देऊ, असा निरोप आला. बाकीचे घुटमळले. कोणी म्हणालं बंदूक मोडली, कोणी म्हणालं मामाच्या गावी आहे. तू मात्र पहिल्याच दिवशी ती जुन्या लुगड्यात गुंडाळलीस आणि चालत निघालीस. मी बरोबर होतो. ठाणेदार खुर्चीत मागे रेलून बसला होता. "वा बाई, तुम्ही तर गावाला धडा घालून दिला," असं म्हणाला आणि तू लाजलीस. लाजलीस, माय! जसं काही त्यानं तुला बक्षीस दिलं. निकाल लागला, गुलाल उडाला, तू परत गेलीस. "अजून वातावरण ठीक नाही बाई, पुढच्या महिन्यात या." पुढच्या महिन्यात गेलीस तर साहेब दौऱ्यावर. मग साहेब बदलला. दर खेपेला तू नव्या तांदळाची पिशवी घेऊन जायचीस, आपल्या बांधीतल्या, आपल्याच धानाच्या शेतातल्या, आणि त्यांच्या टेबलावर ठेवून हात जोडायचीस. मी विचारायचो, "काऊन देते वो तांदूळ? आपलीच वस्तू मांगाले?" तर म्हणायचीस, "असू दे रे. त्याहिच्याजवळ हाय तं चोरीले तं नाई जात." त्या वर्षी डुकरांनी आपली बांधी उलथून टाकली. तू डबा वाजवत धुऱ्यावर बसायचीस, रॉकेलचा रिकामा डबा आणि एक काठी. डुकरं दोन दिवस घाबरली, मग त्यांनाही कळलं की या आवाजात काही नाही. ती आवाजाच्या दिशेनं यायला लागली. त्याच हंगामानंतर मी शाळा सोडून नागभीडला पोती उचलायला आलो. गिरणीत हमाल, मग मुकादम, मग भागीदार, मग मालक, ही सगळी गोष्ट लोक मला स्टेजवर बोलावून सांगायला लावतात. मी सांगतो, लोक टाळ्या वाजवतात. त्या गोष्टीत मी डुकरांचं आणि डब्याचं कधी सांगत नाही. सांगितलं तर लोक विचारतील की तुमची आई ठाण्यात जाऊन भांडली का नाही. का भांडली नाहीस? एकदा तरी त्या टेबलावर हात का आपटला नाहीस?

आता माझं सांगतो. माझ्याकडे पिस्तूल आहे. हंगामात रोकड घेऊन जंगलाच्या रस्त्यानं जावं लागतं, म्हणून स्वसंरक्षणाचा परवाना मागितला आणि मिळाला. चंद्रपूरला त्याच दुकानात गेलो जिथून तू बंदुकीची दारू आणायचीस. तेव्हाचे म्हातारे गेले, आता त्यांचा मुलगा बसतो, तोही पिकला आहे. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी माझं गाव विचारलं आणि मग चष्मा वर करून बघत बसले. "अब्बा बताते थे, उधर से एक बाई आती थी. बारूद सूँघ के लेती थी. नमी लगी हो तो वापस." मी म्हणालो ती माझी माय. त्यांनी लगेच चहा मागवला. मग काचेखालून एक पिस्तूल काढून माझ्या हातात ठेवलं. मी म्हणालो, "चाचा, हे तर प्लास्टिकचं आहे." चाचा हसले. "पॉलिमर बोलो सेठ. प्लास्टिक बालटी का होता है. इसमें लोहा सिर्फ उधर है जहाँ आग है." हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. खरंच तसं आहे बघ. वरची सरकणारी स्लाइड आणि आतली नळी पोलादाची, जिथे स्फोट होतो तिथे. खाली मूठ आणि चापाभोवतीचा सगळा सांगाडा पॉलिमरचा. मुठीवर बारीक खडबडीत दाणे आहेत, खसखशीसारखे, घामेजल्या हातातूनसुद्धा ते सुटत नाही. बाहेर घोडा नाही, कपड्यात अडकायला काही नाही. चापाच्या मधोमध एक पातळ पाती आहे, बोट नीट त्यावर बसल्याशिवाय चाप मागे जातच नाही.

माझा एक ठेकेदार मित्र आहे, घुग्घुसला कोळशाच्या गाड्या चालवतो. त्याच्याकडे पोलादी रिव्हॉल्व्हर आहे, चकचकीत, लग्नात दाखवायला बरं. त्यानं माझं बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, हे पिस्तूल हाय का न्हाणीतला मग?" मी म्हणालो, "तुझं पावसाळ्यात घासून घासून बायको थकली असंल, तिले विचार." सगळे हसले, तोही हसला. पण खरंच त्याच्या मुठीजवळ घामानं गंजाचे ठिपके आलेत. माझं तीन पावसाळे कमरेला आहे, सांगाड्यावर डाग नाही. आपल्याकडच्या मे महिन्यात गाडीत राहिलं तर त्याच्या रिव्हॉल्व्हरला हात लावता येत नाही, माझ्या मुठीला लावता येतो. गोळी सुटताना सांगाडा किंचित लवतो आणि धक्का मनगटात येण्याआधी थोडा पिऊन टाकतो. आणि आवाज! तुला माहीत आहे माझे कान कसे आहेत. पोलादी पिस्तुलाची स्लाइड सोडली की ती झणझणते, पितळी ताट पडल्यासारखी. माझ्या पिस्तुलाची स्लाइड पुढे जाते तेव्हा दबका, भरीव आवाज येतो, चांगल्या गाडीचं दार लागावं तसा. रविवारी मी जुनं वर्तमानपत्र पसरतो, मॅगझिन काढतो, नळीमागची गोळीची खोली रिकामी आहे हे दोनदा बघतो, आणि ते उघडतो. स्लाइड, नळी, स्प्रिंग, सांगाडा. बायको म्हणते, "एवढ्या मायेनं कधी माझी भाजी निवडू लागले नाई तुमी." मला ते आवडतं, माय, मी कशाला लपवू. विचार करून केलेली वस्तू आहे. ज्यानं केली त्यानं माणसाच्या हाताचा विचार केला, घामाचा केला, वजनाचा केला. तुझ्या त्या लोखंडी नळीचा कोणी असा विचार केला होता? तुझा खांदा कायमचा एका बाजूला झुकला होता. तुझ्या अंत्ययात्रेत तिरडीवरसुद्धा तो झुकलेला दिसत होता, आणि बायका म्हणत होत्या, नीट ठेवा, नीट ठेवा.

आणि राग कशाचा येतो सांगू? मागच्या निवडणुकीत मीही माझं पिस्तूल ठाण्यात जमा केलं. नियम म्हणजे नियम. ठाण्यातल्या शिपायानं मऊ कापडात ठेवून घेतलं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन. "शेठ, तुमची वस्तू केव्हा नेता? म्हणाल तर आणून देतो." आणून देतो! मी फोन ठेवला आणि कॅबिनचं दार आतून लावलं. मला तुझ्या तांदळाच्या पिशव्या दिसत होत्या, त्या टेबलावर ओळीनं ठेवलेल्या. एकाही पिशवीनं जे झालं नाही ते माझ्या नावानं झालं. मी पोती खरेदी करतो, तू पिकवायचीस, एवढाच फरक.

म्हणून काल गाडी काढली तेव्हा मी ठरवूनच गेलो होतो की या वेळी टेबल वाजेल. वाजलं. ठाण्यातला साहेब तरुण आहे, घाटावरचा, बोलायला मऊ. मी उभ्यानं ओरडलो. "निकाल लागला की देतो म्हणून ठेवली होती माझ्या मायची बंदूक! कुठला निकाल अजून लागायचा राहिलाय?" तो म्हणाला, "काका, तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता." शिपाई हसला, मी त्याच्याकडे बघितलं, त्यानं तोंड बंद केलं. साहेबानं मला बसवलं, पाणी दिलं, आणि विचारलं, "शेती आहे का तुमच्या नावावर?" मी म्हणालो, नाही. आपलं वावर मी तू गेल्यावर विकलं, शेजारच्या बंगाली दादाला, आणि त्यातून गिरणीत पहिला वाटा घेतला. साहेबानं मान हलवली. "मग पीक संरक्षणाचा परवाना कसा निघणार? पीकच नाही." बघ माय. पीक होतं तेव्हा बंदूक त्यांच्याकडे, आणि आता म्हणतात, राखायला तुझ्याकडे काय आहे. मी पुन्हा ओरडलो. दारात माणसं जमली. शेवटी तो म्हणाला, "काका, तुम्ही आधी ओळख तर पटवा. मी ती बाजूला काढतो, वारस म्हणून अर्ज करा, मी शिफारस लिहितो. बाकीच्या सोमवारी जातील." मला वाटलं, जिंकलो. हवालदाराच्या मागे मालखान्याकडे निघालो तेव्हा पाठीमागे शिपाई दुसऱ्याला हळूच म्हणाला, "शेठचा आवाज पाह्य ना कसा हाय, घेऊनच जाते आता." मी ऐकलं. मला बरं वाटलं.

मालखाना म्हणजे मागची पत्र्याची खोली, ती हवालदारानं उघडली. जळणाची लाकडं रचावीत तशा भरमारी रचलेल्या होत्या. चिठ्ठ्या उधईनं खाल्लेल्या, नंबर गंजात गेलेले. हवालदार म्हणाला, "घ्या, ओळखा." मी रुमाल काढला. मला खात्री होती, कारण मला एक खूण माहीत होती. दसऱ्याला तू बंदूक पाटावर ठेवायचीस आणि मागच्या लाकडी दस्त्यावर कुंकू ओलं करून दाबायचीस. दर वर्षी त्याच जागी, अंगठ्यानं. ते लाकडात इतकं मुरलं होतं की पावसानं जायचं नाही. मी वरची बंदूक उचलली, दस्त्यावरची धूळ पुसली. आत लाल होतं. सापडली, मी म्हणालो. हवालदार म्हणाला, "बाकीच्याबी पुसून पाहा ना शेठ." मी दुसरी पुसली. लाल. तिसरी, लाल. काहींवर हळद, काहींवर शेंदूर, पण अंगठ्याएवढा लाल डाग जवळजवळ प्रत्येकीवर, दस्त्याच्या त्याच जागी. "दसऱ्याले साऱ्याहिच्याच घरी पुजा होते ना," हवालदार अगदी साधेपणानं म्हणाला. मी घोडे मागे ओढून बघितले, आवाज तरी ओळखू येईल म्हणून. सगळे गंजून बसलेले, एकही हलला नाही. माझ्या प्लास्टिकच्या पिस्तुलावर मी तुला पानभर लिहून दाखवलं. तुझी बंदूक मात्र मला डोळ्यांसमोर असून ओळखता आली नाही. दारात माणसं उभी होती. साहेब उभा होता. एवढं ओरडून आलेल्या माणसानं आता काय म्हणायचं? मी त्यातली बरी दिसणारी एक उचलली आणि लिलावात बोली लावतो त्या आवाजात म्हणालो, "ही. हीच माझ्या मायची." हवालदारानं नवी चिठ्ठी बांधली, तुझं नाव लिहिलं, आणि ती भिंतीला वेगळी लावून ठेवली.

मी निघणार तेवढ्यात एक म्हातारा आत आला. गोंड होता, जंगलाकडच्या गावातला, एसटीनं आला होता. तोही आपली शोधायला आला होता. तो घाईत नव्हता. एक एक उचलायचा, डोळ्यांजवळ न्यायचा, ठेवायचा. सगळा ढीग झाला. "माझी नाई याच्यात," तो म्हणाला. मग त्याचं लक्ष भिंतीकडे गेलं. तो गेला, वाकला, आणि त्यानं त्या बंदुकीला हात लावला. माय, त्याचा अंगठा न बघता दस्त्याखालच्या एका खोलगट जागेत जाऊन बसला. ती जागा मला दिसलीही नव्हती. "ही कोणाची जी?" त्यानं विचारलं. हवालदार म्हणाला, "या शेठच्या मायची. आत्ताच ओळख पटली." म्हाताऱ्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या बुटांकडे, कमरेच्या पिस्तुलाकडे, मग परत तोंडाकडे. मी वाट बघत होतो की तो चिडेल. चिडला असता तर मी लगेच कबूल केलं असतं, शपथ. त्यानं बंदूक सरळ करून भिंतीला लावली आणि मला हात जोडले. "मायची म्हंता तं न्या दादा. मले आता कुठी वावरात जाणं होते." मी म्हणालो, चला, गाडीनं सोडतो. तो म्हणाला, नाई, गाडी लागते मले.

म्हणजे तुझी त्या ढिगात आहे, किंवा तिथेही नाही, आणि सोमवारी जे व्हायचं ते होईल. तिचं मी आता काही करू शकत नाही. म्हाताऱ्याच्या बंदुकीचं करू शकतो. साहेबाचा नंबर माझ्याकडे आहे. त्याला एवढंच सांगायचं आहे की माझी चूक झाली, चिठ्ठी बदला, त्या माणसाला निरोप पाठवा. एका मिनिटाचं काम आहे. मी तुझ्यावर इतकी पानं रागावलो, तुला टेबलावर हात आपटता आला नाही म्हणून, आणि अजूनही रागावलोच आहे, ते काही कमी झालेलं नाही. पण एक सांगतो आणि थांबतो. आज सकाळपासून मी गिरणीच्या कॅबिनमध्ये बसून व्यापाऱ्यांना फोन केले, ट्रकवाल्यांना केले, चाचांनाही केला, पिस्तुलाच्या स्प्रिंगचं विचारायला. त्या साहेबाला मात्र अजून केलेला नाही.